चौदा पतसंस्थांचे ३७८ आयकॉन : प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चौदा पतसंस्थांच्या मोबाइल ॲपसाठी आयकॉनचे संच तयार करण्याचे काम आजपासून माझ्याकडे आले आहे. या सर्व ॲपचा गाभा एकच आहे. संस्थेचे नाव, रंग आणि बोधचिन्ह तेवढे बदलते आणि त्याच कोडमधून प्रत्येक संस्थेचे स्वतंत्र ॲप बांधले जाते. काम हाती घेण्यापूर्वी फाइलींची मोजणी केली. अँड्रॉइडच्या आयकॉनसाठी १६०, २४०, ३२०, ४८० आणि ६४० अशा पाच पडदा-घनता (दर इंचातील पिक्सेल) धराव्या लागतात, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या चौकोनी आयकॉनच्या पाच, गोल आयकॉनच्या पाच, ॲडॅप्टिव्ह आयकॉनच्या (दोन थरांचा, फोननुसार बाह्य आकार बदलणारा आयकॉन) पुढच्या थराच्या पाच आणि सूचनापट्टीतील लहान चिन्हाच्या पाच अशा वीस फाइली एकट्या अँड्रॉइडसाठी लागतात. त्यांत प्ले स्टोअरसाठी ५१२ पिक्सेलची एक, आयओएससाठी १०२४ पिक्सेलची एक, वेब-आवृत्तीसाठी चार आणि ब्राउझरच्या टॅबसाठी एक मिळवली की प्रत्येक संस्थेच्या सत्तावीस फाइली होतात. चौदा संस्थांचा हिशेब ३७८ येतो.

ॲडॅप्टिव्ह आयकॉनची सोय अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. आमच्या ॲपला मात्र अँड्रॉइड ७ वरही चालावे लागते, कारण ग्रामीण शाखांतील कित्येक सभासद जुने फोन जपून वापरतात, आणि म्हणून जुन्या पद्धतीच्या फाइली वगळता येणार नाहीत.

आतापर्यंत हे काम चित्रसंपादकात हाताने होत असे. एका संस्थेच्या संचाला जवळजवळ अर्धा दिवस जाई, आणि संस्थेने रंगाची छटा बदलली की सर्व फाइली पुन्हा कराव्या लागत. या वेळी प्रत्येक संस्थेचे एकच मूळ चित्र ठेवायचे आणि एका आज्ञेत सर्व आकार तयार करायचे, असे ठरवले आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज मूळ चित्रे गोळा केली. चौदांपैकी चार संस्थांकडे रेषाचित्राच्या (कितीही मोठे केले तरी न बिघडणाऱ्या, रेषांनी बनलेल्या चित्राच्या) स्वरूपातील फाइल होती, सात संस्थांनी पीएनजी, म्हणजे पिक्सेलचे चित्र, पाठवले आणि तीन संस्थांनी लेटरहेडचा किंवा शिक्क्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. पीएनजींपैकी सर्वांत लहान १५० पिक्सेल रुंदीचे होते. असे चित्र मोठे करून चालत नाही, कारण जो तपशील चित्रात नोंदलेलाच नाही तो पिक्सेल वाढवल्याने परत येत नाही, फक्त पसरट होतो.

यावर एक चांगला मार्ग सापडला. पतसंस्थांची पासबुके, पावतीपुस्तके आणि अहवाल ज्या छापखान्यांत छापले जातात, तेथे बोधचिन्हाची कोरलड्रॉ या रेषाचित्राच्या सॉफ्टवेअरमधील फाइल बहुधा जपून ठेवलेली असते. दहा संस्थांना त्यांच्या छापखान्याचा पत्ता विचारला आणि संध्याकाळपर्यंत पाच फाइली हाती आल्या. तीन पीएनजी मुळातच १५०० पिक्सेलपेक्षा मोठी असल्याने ती तशीच वापरता येतील. उरलेली दोन बोधचिन्हे आमच्या रेखाटनकार सहकारी ताई इंकस्केप या रेषाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने रेखाटणार आहेत. म्हणजे अकरा रेषाचित्रे आणि तीन पीएनजी अशी सामग्री झाली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. नमुन्यासाठी तिन्ही पीएनजी एकदम ४८ पिक्सेलची करून पाहावीत म्हणून मी इमेजमॅजिक या चित्रप्रक्रियेच्या साधनातील मोग्रिफाय ही आज्ञा मूळ चित्रांच्या फोल्डरमध्येच चालवली. ही आज्ञा निराळी फाइल तयार न करता त्याच फाइलीवर परिणाम लिहिते, हे मला ठाऊक होते. तरीही दुसऱ्या फोल्डरचा मार्ग देण्याचे राहून गेले आणि तिन्ही मूळ चित्रे ४८ पिक्सेलची होऊन बसली. दोन ईमेलमधून परत मिळाली. तिसरे पेन ड्राइव्हवर आले होते, त्यामुळे संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करून घडलेला प्रकार सांगावा लागला आणि फाइल पुन्हा मागवावी लागली. त्यांनी ती तासाभरात पाठवली, हा त्यांचा चांगुलपणा.

आता मूळ चित्रांचा फोल्डर केवळ वाचण्यापुरता खुला ठेवला आहे आणि त्यातील प्रत्येक फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत, नोंदवली आहे. तयार आयकॉनचा फोल्डर पूर्णपणे वेगळा आहे आणि तो केव्हाही निःशंकपणे पुसून नव्याने तयार करता यावा, अशीच रचना केली आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एका जुन्या प्रकल्पातील पायथन स्क्रिप्ट घेऊन पहिला संच काढला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सर्व ठीक दिसले, पण गडद वॉलपेपर असलेल्या फोनवर पिवळ्या सूर्याच्या चिन्हाभोवती पांढुरकी कडा स्पष्ट दिसू लागली. कारण शोधण्यात दुपार गेली, पण ते समजून घेणे आवश्यक होते.

पीएनजीमधील पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंगाची मूल्ये असतात; ती डोळ्यांना दिसत नाहीत, एवढेच. या चित्रात पारदर्शक भागाचा दडलेला रंग पांढरा होता. आमची स्क्रिप्ट लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता हे चारही चॅनेल एकमेकांचा विचार न करता स्वतंत्रपणे लहान करत होती, त्यामुळे कडेच्या पिक्सेलची सरासरी काढताना दडलेला पांढरा रंग पिवळ्यात मिसळत होता. यावरचा उपाय असा की प्रत्येक पिक्सेलचा रंग आधी त्याच्या अपारदर्शकतेने गुणावा, मग आकार लहान करावा आणि शेवटी पुन्हा भागावे. असे केल्याने अदृश्य पिक्सेलचे वजन शून्य होते. पिलो ही पायथनची चित्रांसाठीची लायब्ररी पारदर्शकता असलेल्या चित्रांचा आकार बदलताना ही क्रिया स्वतःच करते, म्हणून जुनी स्क्रिप्ट बाजूला ठेवून पिलोवर आधारित नवी लिहायला घेतली. सूर्याची कडा आता स्वच्छ आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

आजचा दिवस या कामातला सर्वांत समाधानाचा होता.

चित्र लहान करण्यासाठी लँक्झोस ही शेजारच्या पिक्सेलची भारित सरासरी काढणारी पद्धत वापरावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि छायाचित्रांसाठी ते योग्यच आहे. पण या पद्धतीच्या गणितात काही शेजारी पिक्सेलना ऋण वजन मिळते, त्यामुळे सपाट रंगाच्या बोधचिन्हात जिथे गडद रंग संपून फिकट रंग सुरू होतो तिथे फिकट बाजूला आणखी उजळ अशी बारीक झळ उमटते. ४८ पिक्सेलच्या आयकॉनमध्ये ही झळ चांगलीच जाणवते. साधी सरासरी, म्हणजे मोठ्या चित्रातील ठरावीक चौकटीतील पिक्सेलची बेरीज करून त्यांना संख्येने भागणे, हा दोष निर्माण करत नाही. परंतु तिचा निकाल पूर्णपणे स्वच्छ यायचा तर मूळ आकाराला इच्छित आकाराने निःशेष भाग जायला हवा. १०२४ ला ४८ ने भाग जात नाही. एका पिक्सेलच्या वाट्याला २१.३३ पिक्सेल येतात.

मग मूळ आकार १०२४ च का घ्यायचा, हा प्रश्न पडला. अँड्रॉइडच्या पाच घनतांचे प्रमाण १, १.५, २, ३ आणि ४ असे आहे. या पाचही प्रमाणांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या १२ आहे. म्हणून पायाभूत आकाराच्या बारापट मूळ चित्र घेतले, तर पाचही आकार अनुक्रमे १२, ८, ६, ४ आणि ३ या पूर्णांकांनी भागून मिळतात. जुन्या आयकॉनचा पाया ४८ असल्याने त्याचे मूळ चित्र ५७६ पिक्सेलचे, आणि त्यातून ४८, ७२, ९६, १४४ व १९२ हे आकार निघतात. ॲडॅप्टिव्ह थराचा पाया १०८ असल्याने मूळ १२९६ पिक्सेलचे, आणि त्यातून १०८, १६२, २१६, ३२४ व ४३२. सूचनाचिन्हाचा पाया २४, मूळ २८८, आणि त्यातून २४, ३६, ४८, ७२ व ९६. तिन्ही ठिकाणी भाजक तेच पाच आहेत, त्यामुळे स्क्रिप्टमधला लांबलचक तक्ता जाऊन दोन छोट्या याद्या उरल्या.

पिलोमध्ये पूर्णांकाने लहान करण्यासाठी वेगळी क्रिया आहेच. रेषाचित्रांतून प्रत्येक आकार थेट काढता आला असता, तरी तीही आधी बारापट आकारात उतरवून मग त्याच मार्गाने लहान करायची असे ठरवले, कारण सर्व चौदा संच एकाच वाटेने गेले तर दोष शोधणे सोपे जाते. १०२४, ५१२ आणि १८० हे आकार या कुटुंबात बसत नाहीत. ते रेषाचित्रातून थेट निघतील आणि तीन पीएनजींपुरती तेथे लँक्झोस पद्धत राहील. इतक्या मोठ्या आकारांत ती झळ डोळ्यांना खुपत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गणित जुळले तरी वाचनीयतेचा प्रश्न सुटलेला नाही. चौदांपैकी नऊ बोधचिन्हे शिक्क्यासारखी आहेत: मध्ये सूर्य, नांगर, समई किंवा हातात हात, आणि भोवतीच्या कड्यात संस्थेचे पूर्ण नाव व ‘मर्यादित’ या शब्दानंतर गावाचे नाव. ५७६ पिक्सेलच्या मूळ चित्रात या कड्यातील अक्षर सुमारे ४० पिक्सेल उंच आणि त्याची शिरोरेखा ५ पिक्सेल जाड आहे. बाराने भागले की अक्षराची उंची ३.३ पिक्सेल आणि शिरोरेखेची जाडी ०.४२ पिक्सेल उरते. अर्ध्या पिक्सेलहून बारीक रेघेला पडद्यावर स्वतःची जागा मिळत नाही, ती शेजारच्या पिक्सेलमध्ये राखाडी डाग होऊन राहते. वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये शिरोरेखा अशा तीन मजल्यांच्या लिपीला तीन पिक्सेलची उंची कधीच पुरणार नाही. रोमन लिपीतील कडे या आकारात जेवढे तग धरते, तेवढेही देवनागरी कडे धरू शकत नाही, आणि यात लिपीचा दोष नसून आकाराचा विचार न करता चिन्ह वापरणाऱ्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून प्रत्येक संस्थेचे बोधचिन्ह दोन रूपांत ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. ५१२ आणि त्याहून मोठ्या आकारांत कड्यासह पूर्ण चिन्ह, आणि त्याखालील सर्व आकारांत कडे काढून मधले चिन्ह मोठे केलेले. प्रथम संस्थेचे आद्याक्षर घेण्याचा विचार होता, पण चौदांपैकी पाच संस्थांची नावे ‘श्री’ ने सुरू होतात; एका सभासदाच्या फोनवर दोन संस्थांची ॲप असली तर त्याला ती वेगळी ओळखता येणार नाहीत. ज्या तीन संस्थांच्या बोधचिन्हात मुळातच अक्षर आहे, त्यांच्यापुरते अक्षर राहील.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

एका संस्थेच्या अध्यक्षांशी प्रत्यक्ष भेट झाली. “नाव काढायचं म्हणजे संस्थेची ओळखच काढायची, असं संचालक मंडळाला वाटेल,” असे ते म्हणाले, आणि त्यांची चिंता रास्त होती, कारण ते नाव पस्तीस वर्षे पासबुकावर छापले गेले आहे. मी त्यांना दोन्ही रूपे बसवलेला फोन दिला आणि म्हटले, “साहेब, आपण हातभर अंतरावरून पाहा. कड्यातलं नाव वाचता येतं का? आणि आयकॉनच्या खाली संस्थेचं नाव पूर्ण अक्षरांत लिहिलेलं आहे, ते फोन स्वतःच दाखवतो.” त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाहिले, शाखेतील रोखपालांना बोलावून दाखवले, आणि मोठ्या आकारांत कडे कायम राहणार याची खात्री करून घेऊन संमती दिली. उरलेल्या आठ संस्थांना शब्दांत समजावण्याऐवजी हाच फोन दाखवायचा, असे ठरवले आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ॲडॅप्टिव्ह आयकॉनचा थर १०८ एककांचा असला तरी त्यातील मधला ७२ एककांचा भागच दिसतो, आणि फोनचा निर्माता त्याला वर्तुळ, गोलसर चौकोन किंवा अन्य आकाराचा मास्क, म्हणजे बाहेरचा भाग कापणारा साचा, लावतो. कोणत्याही मास्कमध्ये न कापले जाण्याची हमी मधल्या ६६ एकक व्यासाच्या वर्तुळालाच आहे. गोल चिन्हांना हे सोयीचे आहे, पण अक्षरांचे कोपरे पुढे येतात. विशेषतः शिरोरेखेची दोन्ही टोके सर्वांत आधी मास्कला भिडतात. ६६ व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या चौरसाची बाजू ४६.६७ येते, म्हणून अक्षराची चौकट ४६ एककांची धरली.

ताईंनी येथे एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. स्क्रिप्ट अक्षराची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची कड मोजून त्यांच्या मध्यावर अक्षर बसवत होती. ‘की’ सारख्या अक्षरात वेलांटी शिरोरेखेच्या वर जाते, त्यामुळे मोजमापाने मध्यावर असलेले अक्षर डोळ्यांना खाली सरकलेले दिसते, कारण त्याचे वजन शिरोरेखा आणि तळ यांच्यामध्ये असते. आता तिन्ही अक्षरचिन्हांसाठी उभे स्थान ताईंनी डोळ्यांनी ठरवलेले आहे आणि स्क्रिप्ट त्यात हस्तक्षेप करत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सूचनापट्टीतील चिन्हे आज पूर्ण झाली. येथे अँड्रॉइड चित्राचा रंग पाहतच नाही, फक्त पारदर्शकता पाहतो. म्हणून रंगीत चौकोनी बोधचिन्ह तसेच दिले तर पट्टीत केवळ भरीव पांढरा चौकोन उमटतो. सर्व चौदा चिन्हांची एकरंगी छायाकृती काढावी लागली. अँड्रॉइड १३ पासून वॉलपेपरच्या रंगाशी जुळणाऱ्या आयकॉनसाठी जो एकरंगी थर लागतो, त्यालाही याच छायाकृती आधार म्हणून वापरल्या.

२४ पिक्सेलच्या या चिन्हात शिरोरेखेची जागा अत्यंत काटेकोर असावी लागते. शिरोरेखा ५ ते ७ या एककांवर ठेवली, तर दीडपट घनतेत ती ७.५ ते १०.५ वर येते आणि वर-खाली अर्ध्या पिक्सेलची राखाडी किनार उमटते. तीच ४ ते ६ वर ठेवली, तर ६ ते ९ येते आणि तीन पिक्सेलची ठसठशीत रेघ मिळते. म्हणजे सर्व आडव्या आणि उभ्या कडा सम आकड्यांवर ठेवल्या की पाचही घनतांत त्या पिक्सेलच्या सीमेवर नेमक्या बसतात. सूचनाचिन्हे या नियमाने पुन्हा आखून घेतली. घरपडद्यावरच्या आयकॉनला लाँचर, म्हणजे घरपडदा दाखवणारे ॲप, स्वतः आणखी एकदा लहान-मोठे करतो, म्हणून तेथे या नियमाचा पूर्ण लाभ मिळत नाही, तरी ताईंनी तेथेही तो पाळला आहे.

संध्याकाळी संपूर्ण संच प्रथमच बांधणीच्या सर्व्हरवर, म्हणजे कोडमधून ॲप तयार करणाऱ्या संगणकावर, चालवला आणि दोन अक्षरचिन्हांच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या. त्या सर्व्हरवर देवनागरी फाँट नव्हता आणि रेषाचित्रात अक्षर मजकूर म्हणूनच राहिले होते. फाँट बसवून काम भागले असते, पण फाँट बदलला की अक्षराचे वळणही बदलते. मराठी वळणाचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांच्या जागी हिंदी वळण येण्याचा धोका राहतो, आणि संस्थेच्या चिन्हात ते मला मान्य नाही. त्यामुळे सर्व अक्षरांचे इंकस्केपमध्ये बाह्यरेषांत रूपांतर केले, आणि मूळ चित्रात मजकूर शिल्लक असेल तर स्क्रिप्ट तेथेच थांबेल, अशी तपासणी घातली. उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दोन संस्थांच्या गडद किरमिजी चिन्हांवर बारीक सोनेरी नक्षी आहे आणि ती लहान आकारात मळकट दिसत होती. चित्रातील रंगांच्या संख्या प्रत्यक्ष प्रकाशाच्या समप्रमाणात नसतात. काळा ० आणि पांढरा २५५ यांची नुसती सरासरी १२८ च्या आसपास येते, पण दोहोंच्या प्रकाशाची खरी सरासरी दाखवायला सुमारे १८८ हा आकडा लागतो. त्यामुळे गडद भागावरील उजळ रेघा साध्या सरासरीत आवश्यकतेपेक्षा काळवंडतात. या दोन चिन्हांची मूल्ये आधी प्रकाशाच्या प्रमाणात बदलून, मग लहान करून, पुन्हा मूळ पद्धतीत आणली, तेव्हा नक्षी उजळ झाली. हीच पद्धत सर्वांना लावून पाहिली असता पांढऱ्यावरील काळ्या रेघा मात्र फिक्या आणि किडकिडीत झाल्या. म्हणून संस्थेच्या मांडणी-फाइलीत हा पर्याय स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय केली आणि तो दोघींपुरताच सुरू ठेवला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

तपासणीची स्क्रिप्ट पूर्ण केली. ती प्रत्येक फाइलीची रुंदी व उंची पाहते, प्ले स्टोअरची फाइल १०२४ केबीच्या मर्यादेत आहे की नाही ते पाहते, आणि आयओएसच्या फाइलीत पारदर्शकतेचा चॅनेल नाही याची खात्री करते, कारण तो असल्यास ॲप स्टोअर फाइल स्वीकारत नाही. ॲपलच्या एक्सकोड या ॲप बांधण्याच्या साधनाच्या १४ व्या आवृत्तीपासून आयओएससाठी १०२४ ची एकच फाइल पुरते, यामुळे येथील काम फार हलके झाले. कोपरे दोन्हीकडे व्यासपीठ स्वतः गोल करते, म्हणून आम्ही पूर्ण भरलेला चौकोन देतो.

यंत्राच्या तपासणीनंतर सर्व चौदा लहान आयकॉन पांढऱ्या, राखाडी आणि काळ्या पट्ट्यांवर मांडून एकच पान तयार केले आणि ते ताईंसोबत ओळीने पाहिले. त्यात समईच्या ज्योतीचा आणि वातीचा रंग एकमेकांत मिसळलेला आढळला. ही चूक आकड्यांच्या कोणत्याही तपासणीत सापडली नसती. ज्योत दोन एकके वर उचलली आणि संच पुन्हा काढला. ३७८ फाइली एका मिनिटाच्या आत तयार होतात.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चौदाही ॲपच्या नव्या आवृत्त्या आज दोन्ही दुकानांत सादर झाल्या. दुपारी पंधराव्या संस्थेचे बोधचिन्ह आले: शिक्क्याच्या कड्यात दोन ओळींचे नाव आणि मध्ये बैलजोडी. छापखान्याकडून कोरलड्रॉ फाइल मागवली आहे. २४ पिक्सेलमध्ये बैलजोडी ओळखू येणार नाही असे ताईंचे मत आहे, आणि त्यांनी एकाच बैलाचे शिंगांसह तोंड सम आकड्यांच्या जाळीवर आखून दिले आहे. ते सोमवारी फोनवर बसवून संस्थेच्या व्यवस्थापकांना दाखवायचे आहे.